न केलेली तार

ताई, सोमवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, तिथल्या घड्याळाप्रमाणे, ब्रॅडफर्डच्या इस्पितळात तू गेलीस. न्यूमोनिया झाला होता. भाऊजींची तार ठाण्याच्या घरी मंगळवारी सकाळी पावणेनऊला आली. मी ती दोनदा वाचली, पाठवल्याची वेळ पाहिली आणि बापूच्या कचेरीत फोन करण्यासाठी पोस्टात गेलो.

बापू दुपारी कल्याणहून आला. मावशीचा मुलगा म्हणून त्याला पहिल्यांदा कळवायला हवं होतं. येत्या शुक्रवारी त्याच्या मुलीचं लग्न होतं. दारात मांडव पडलेला, आचारी सांगितलेले. पायातल्या चपलाही न काढता तो म्हणाला, "आईला आत्ता सांगायचं नाही."

"मग कधी?"

"शनिवारी. मुलगी एकदा सासरी गेली की मीच सांगतो. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. शहात्तराव्या वर्षी तिला धक्का कशाला?"

"ताईचं पत्र का आलं नाही म्हणून तिने विचारलं तर?"

"सांगायचं, बोटींचा संप आहे."

"ताईची पत्रं विमानाने येतात, बापू."

"मग विमानांचा संप म्हण! वर्तमानपत्रातला माणूस तू, तुला मी काय सुचवायचं?"

मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आपले वडील, अप्पा, गेल्यावर तुला चार वर्षं कल्याणला मावशीकडे ठेवलं होतं. ती तुला मुलगीच मानते. तिला आज सांगायचं की शनिवारी, हे मला संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं. हा प्रश्न माझ्यापुढे पहिल्यांदा आलेला नाही. मागच्या वेळी मी काय केलं ते तुला ठाऊक आहे आणि त्यावरचं आपलं भांडण अर्धं राहिलेलं आहे.

तू ठाणं सोडलंस ते एकावन्नच्या ऑक्टोबरात. भाऊजी बाळकुमच्या रस्त्यावरच्या एका लोकरीच्या गिरणीत होते. तिथल्या इंग्रज मास्तराने परत जाताना त्यांच्यासाठी ब्रॅडफर्डला जागा मिळवली. दोन वर्षांसाठी जायचं, असं बोलणं होतं. तुझ्या ट्रंकेत दोन पंचांगं, एक पाट, पोळपाट-लाटणं आणि शैलाचे चार लोकरी झगे होते. शैला तेव्हा चार वर्षांची होती. पोळपाट कशाला, असं भाऊजींनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "तुम्ही तिकडे पाव खा. मी खाणार नाही."

पहिलं पत्र नोव्हेंबरात आलं. निळं हवाई पत्र, तिन्ही घड्यांवर लिहिलेलं. संध्याकाळच्या पाळीला निघण्यापूर्वी मी ते आईला वाचून दाखवलं. पुढे हीच पद्धत पडली. पत्र दुपारच्या टपालाने येई, तीन वाजता वाचन होई आणि शेजारच्या दोघी-तिघी आपापली निवडायची भाजी घेऊन येऊन बसत.

तू लिहिलं होतंस: "घर म्हणजे खाली एक खोली, वर एक, आणि पाठीला पाठ लावून दुसऱ्याचं घर. मागचं दार नाही. संडास अंगणापलीकडे, चार घरांत मिळून एक. किल्ली खुंटीला. आंघोळ आठवड्यातून एकदा, शेगडीसमोर पत्र्याच्या टबात. मी रोज करते. रोज पाणी तापवलेलं पाहून घरमालक विचारून गेला, घरात कोणी आजारी आहे का."

आई म्हणाली, "आजाऱ्याला आंघोळ घालतात होय तिकडे? उलटंच सगळं."

तुझ्या पत्रांत विशेषणं नसत. थंडी फार आहे असं तू कधी लिहिलं नाहीस. दुधाच्या बाटलीवरचं झाकण सकाळी गोठलेल्या सायीने वर उचललं जातं आणि ते पाहायला शैला खाली धावते, असं लिहिलंस. धुकं दाट असतं असं लिहिलं नाहीस. समोरच्या घराचा नंबर दिसत नाही म्हणून भाऊजी एकदा चुकून दुसऱ्याच्या दारात किल्ली फिरवत उभे राहिले, हे लिहिलंस. पत्र वाचून झालं की आईला त्या गल्लीत कुठे काय आहे ते सांगता येई.

दुसऱ्या महिन्यात रविवारची गोष्ट झाली. तुला रोज कपडे धुवायची सवय. अंगावरून उतरलेलं लुगडं न धुता ठेवायचं, हे तुला माहीतच नव्हतं. त्या गल्लीत वाळत घालायच्या दोऱ्या एका घराच्या भिंतीवरून समोरच्या घराच्या भिंतीपर्यंत ताणलेल्या असतात. रविवारी सकाळी ऊन पडलं, बायका देवळात गेल्या होत्या, सगळ्या दोऱ्या मोकळ्या होत्या. तू दोन साड्या गल्लीच्या आडव्या वाळत घातल्यास, एक लाल, एक मोरपंखी. बायका प्रार्थना आटपून परतल्या त्या साड्यांच्या खालून वाकून गेल्या. कोणी काही बोललं नाही.

"नंतर कळलं," तू लिहिलंस, "धुणं सोमवारी असतं. फक्त सोमवारी. रविवारी धुणं वाळत घातलं तर ते घर वाया गेलेलं. साड्यांच्या दोरीचा एक खिळा नऊ नंबरच्या मिसेस ब्रूकच्या भिंतीत आहे. तिने संध्याकाळी तिच्या बाजूची दोरी सोडून ठेवली."

आईने पत्र घडी घालून ठेवलं. मग म्हणाली, "त्यांच्या देवाला ओले कपडे चालत नाहीत, आपल्या देवाला पारोसे चालत नाहीत. कुसुमला लिही, घरात वाळव म्हणावं." आणि थोड्या वेळाने, "आणि लाल नको म्हणावं वाळत घालू. लांबून दिसतं."

रांग तुला नवी नव्हती. रेशनची रांग तू ठाण्यात पाच वर्षं धरली होतीस. ब्रॅडफर्डच्या रेशन कचेरीत तू सांगितलंस की आम्ही मांस खात नाही, तेव्हा तिथल्या बाईने मांसाची कुपनं काढून घेतली आणि त्याऐवजी जास्तीचं चीज लिहून दिलं. तीन माणसांचं जास्तीचं चीज. तू ते घरी आणलंस, चिरलंस आणि सगळ्या खिडक्या उघडल्यास. "दिसायला साबण," तू लिहिलंस, "आणि वास पावसाळ्यातल्या पायमोज्यांचा. ह्यांनी एक तुकडा खाल्ला, चेहरा न हलवता. मी विचारलं, कसं आहे? म्हणाले, गिरणीत तेलकट लोकर धुतात तिथे जाऊन ये, म्हणजे कळेल." दोन महिने ते चीज जिन्याखालच्या फळीवर साचत गेलं. शेवटी ते तुमच्या घरातून बाहेर पडलं आणि तुझी मिसेस ब्रूकशी पहिली ओळख झाली, ती मात्र चीजमुळे नव्हे. आधी उंबऱ्याची पायरी आली.

त्या गल्लीत दर शुक्रवारी बायका दाराची पायरी घासतात. एक मऊ दगड असतो, पायरीच्या कडेवर त्याने पांढरी किंवा पिवळी रेघ ओढतात. तो दगड जुन्या चिंध्यांच्या बदल्यात मिळतो. "इथे बोहारीण पुरुष असते," तू लिहिलंस, "आणि तिच्याकडे घोडागाडी असते." तू एक जुना झगा दिलास आणि दगड घेतलास. बायकांसारखी रेघ तुला ओढता येईना, हाताला त्याची सवय नव्हती. मग तू दगडाचा तुकडा पाट्यासारख्या फरशीवर कुटून पूड केलीस आणि पायरीच्या कोपऱ्यात चिमटीने चार ठिपक्यांची रांगोळी घातलीस, त्याशेजारी गोपद्म. मिसेस ब्रूक बादली घेऊन बाहेर आली, पायरीकडे पाहत उभी राहिली आणि तिने विचारलं, "कोणता दगड वापरलास?"

तिचं हे पहिलं वाक्य. सहा महिन्यांनंतरचं. तू तिला आत बोलावलंस, ती आली नाही. दुसऱ्या दिवशी तूच चीज घेऊन गेलीस. तिने तेवढ्याच वजनाची साखर दिली. पुढे दर शनिवारी हे चालू राहिलं, दारातल्या दारात. तिचा नवरा लढाईत गेलेला, एक मुलगा सैन्यात. आईने हे ऐकलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मग तिची पायरी ती कोणासाठी घासते?" मी तो प्रश्न तुला लिहिला. तू उत्तर दिलंस की मीही हेच विचारणार होते, पण इंग्रजीत ते वाईट वाटेल.

दोन वर्षं संपत आली तरी गल्लीत तुला कोणी घरात बोलावलं नव्हतं. शैलाला शाळेत मैत्रिणी होत्या, भाऊजींना गिरणीत चहाची सोबत होती. तू दिवसभर त्या दोन खोल्यांत. हे तू एकदाही तक्रार म्हणून लिहिलं नाहीस. दुपारी एक ते साडेतीन ह्या वेळात तू मोठ्याने व्यंकटेशस्तोत्र म्हणतेस, कारण दिवसभरात आवाज वापरला नाही तर संध्याकाळी घसा बसतो, एवढं मात्र लिहिलंस. ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही.

त्रेपन्नच्या मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तुझं पत्र आलं. मंगळवारी त्यांच्या नव्या राणीचा राज्याभिषेक होता आणि गल्लीत टेबलं मांडून सगळ्यांचं जेवण ठरलं होतं. "मिसेस ब्रूक कागद-पेन्सिल घेऊन दाराशी आली. म्हणाली, अकरा नंबर, तू काय आणणार? वसंत, इथे येऊन दीड वर्ष उलटलं, पहिल्यांदा मला कोणी काहीतरी आणायला सांगितलं. मी लाडू म्हटलं. तिने स्पेलिंग विचारलं. आईने मार्चमध्ये पाठवलेलं बेसन अजून आहे. सरकारने जास्तीची साखर दिली आहे. लोणी मी तीन आठवडे साठवते आहे, त्याचं तूप कढवीन."

आईने ते पत्र दोनदा वाचून घेतलं. बेसन जरा जाडसर ठेवलं होतं ते बरं झालं, म्हणाली.

रविवारी दुपारी सव्वाचारला आई चहा टाकायला उठली आणि चुलीपाशी खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी आम्ही तिला नेलं. तिथून परतल्यावर मी तारेच्या कचेरीत गेलो. फॉर्म घेतला, तुझा पत्ता लिहिला. मजकुराच्या जागी काही लिहिलं नाही.

तार त्या रात्रीत पोचली असती. सोमवारी सकाळी तू ती वाचली असतीस. लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवसांचं. रविवार, सोमवार, मंगळवार. मंगळवारी टेबलावर अकरा नंबरची जागा रिकामी राहिली असती, आणि का रिकामी राहिली हे सांगण्याइतकी तुझी कोणाशी ओळख नव्हती. रविवारच्या धुण्यासारखंच हेही त्यांनी मनात ठेवलं असतं, असा मी हिशेब केला. फॉर्म घडी घालून खिशात ठेवला.

वर्तमानपत्रात बातमी रोखून ठेवतात, ती खात्री झालेली नसेल तर. ह्या बातमीला मी स्वतः खांदा दिला होता. तरी रोखली.

बुधवारी तार करायची, असं ठरवलं होतं. बुधवारी फॉर्म पुन्हा काढला तेव्हा लक्षात आलं की आता तारेत रविवार लिहावा लागेल. तो लिहिला तर तू विचारशील. गुरुवारी तोच प्रश्न एक दिवसाने मोठा झाला. असे नऊ दिवस गेले. दहाव्याचे विधी आटोपून मी घरी आलो तेव्हा दाराच्या फटीत निळं पत्र होतं, वर आईचं नाव.

"ती. आईस शि. सा. न. सकाळपासून पाऊस. टेबलं देवळाच्या सभागृहात हलवली. लाडू पंचवीस झाले. आधी कोणी हात लावेना. मिसेस ब्रूकने एक अर्धा तोडला, चावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ह्यात अंडं नाही, दारू नाही, तरी बरा आहे. दहा मिनिटांत ताट रिकामं. मी हिरवी जरीची नेसले होते. एक म्हातारी येऊन पदराला हात लावून गेली. त्यांनी विचारलं, लाडू कोणी केले? आई, बेसन तू भाजून पाठवलेलं, म्हणून मी सांगितलं, माझ्या आईने."

तेराव्यानंतर मी तुला पत्र लिहिलं. वर श्री घातलं नाही. कोण, काय, कुठे, कशाने, हे सगळं लिहिलं. केव्हा, ते लिहिलं नाही. उमेदवार बातमीदाराने अशी बातमी आणली असती तर मी ती परत केली असती.

तुझं उत्तर पाच ओळींचं. "वर श्री नव्हतं. पत्र जिन्याखाली उघडलं, तिथेच कळलं. पुढचं वाचायला संध्याकाळ झाली. तू तारीख लिहिली नाहीस. श्राद्धासाठी तिथी लागेल, ती कळव."

तिथी खोटी लिहिता येत नाही. मी वैशाख वद्य चतुर्थी लिहिली. तुझ्या ट्रंकेतली पंचांगं जुनी झाली होती, पण आईनेच पाडव्याला नवं पाठवलं होतं. तू त्यात पाहिलंस. त्यानंतर सात आठवडे पत्र नव्हतं. मग आलं त्यात शैलाच्या दातांविषयी होतं, गिरणीतल्या संपाविषयी होतं, आणि शेवटच्या घडीवर, जिथे जागा थोडी असते तिथे: "माझ्या तीन दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी मी जरी नेसून लाडू वाटत होते. हे तुला माहीत होतं आणि मला नव्हतं."

मी उत्तरात माझी कारणं क्रमाने लिहिली. तू त्या पत्राला उत्तर दिलंस, कारणांना दिलं नाहीस.

पंचावन्नच्या डिसेंबरात तू शैलाला घेऊन सहा आठवड्यांसाठी आलीस. पहिल्याच रविवारी मी तुझी बादली नळाखाली ठेवली तर म्हणालीस, "आज राहू दे. उद्या धुऊ." आणि मग स्वतःच हसलीस. चहा तू ठाण्यात येऊनही कपात आधी दूध घालून करत होतीस. शैला पायरीवर बसून पेरू खाई आणि येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी माणसांना गुड मॉर्निंग म्हणे. कल्याणला मावशीने तिला मांडीवर घेऊन विचारलं, "तुझं घर कुठलं गं?" तिने गल्लीचं नाव सांगितलं. तू तिला दुरुस्त केलं नाहीस.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आपण तिघं मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसलो होतो. सुरुवात तू केलीस.

"तुझ्या टेबलावर रोज किती तारा येतात?"

"मोजलेल्या नाहीत. शंभरावर."

"जगातलं कोण कुठे मेलं ते तुला तासाभरात कळतं. ते तू लाखभर लोकांना सकाळी चहाबरोबर देतोस. आणि मला?"

"मंगळवारी तुझं ते होतं."

"काय होतं माझं? लाडू होते, वसंत. लाडू!"

"लाडू नव्हते. त्यांनी तुला पहिल्यांदा विचारलं होतं."

 मग जे सांगितलंस ते तू अडीच वर्षांत पत्रात लिहिलं नव्हतंस.

"तिकडे गल्लीत कोणी गेलं की शेजारी आपापल्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतात. भर दुपारी. तुझं बिनश्रीचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मिसेस ब्रूक साखर घेऊन आली. मी दार उघडलं, तिने तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, कोण? मी म्हटलं, आई.  तिने एप्रन सोडला, कोट घातला आणि निघाली. एकेका दाराशी थांबत गेली. एक वाजेपर्यंत सबंध गल्लीचे पडदे ओढलेले. आईला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. ठाणं कुठे आहे ते त्यांना दाखवता येणार नाही. आणि शिळी बातमी रे, तीन आठवड्यांची! मी त्यांना सांगितलंही नाही की शिळी आहे. त्यांना वाटलं, आज गेली."

मी विचारलं, "लाडू झाले नसते तर तिने पडदे ओढायला लावले असते का?"

तू माझ्याकडे वळलीस. "ते मला माहीत नाही."

"मलाही नाही."

"तेच तर. माहीत नव्हतं आणि तू ठरवलंस. इतर वेळी माहीत नसलं की लोकांना विचारतोस ना तू? पगार त्याचाच मिळतो ना? मला विचारायचंस. तार करायची आणि सोडून द्यायचं माझ्यावर. मी गेले असते लाडू घेऊन, नसते गेले, रडत बसले असते, माझं मी पाहिलं असतं."

"गेली असतीस?"

"नसते गेले," तू म्हणालीस. "पण नसते गेले ते मी."

शैला म्हणाली, "तुम्ही दोघं भांडताय? तिकडे भांडताना हळू बोलतात."

आपण उठलो. मी चुकलो, असं त्या संध्याकाळी मी म्हटलं नाही. तसं मला तेव्हा वाटत नव्हतं. तुझी बाजू खरी होती आणि माझा प्रश्नही चुकीचा नव्हता, ह्या दोन गोष्टी मला एकत्र मांडता येत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर शिडी चढण्यापूर्वी तू एवढंच म्हणालीस, "पत्रावर तारीख घालत जा." त्यानंतरच्या दोन वर्षांतल्या माझ्या प्रत्येक पत्रावर तारीख आहे. ती पाहून तू मनात काय म्हणत होतीस, हे मी विचारलं नाही.

तुझी पत्रं मी परवा काढून ठेवली. ती सत्तरच्या वर आहेत. त्यात एक शहर आहे, जे मी पाहिलेलं नाही आणि ज्यात मी आता कोणाच्याही मदतीशिवाय दुकानापर्यंत जाऊन येऊ शकेन. हे तू मला दिलंस. त्यासाठी तुला कधी काही लिहिलं नाही. माझ्याकडे लिहायला जागा असे, तिन्ही घड्या.

मंगळवारी संध्याकाळी मी पाळीला गेलो. भाऊजींना उलट तार केली, अंत्यविधी कधी, एवढंच विचारलं. त्यांचं उत्तर बुधवारी सकाळी आलं. ते खिशात घालून मी कल्याणची गाडी धरली.

बापू मांडवात दिव्यांच्या माळा लावून घेत होता. मला पाहून शिडीवरूनच त्याने मान हलवली, नाही म्हणून. मी आत गेलो. मावशी माजघरात परातीत अक्षतांना कुंकू चोळत होती.

"वसंता, आज कसा? शुक्रवारी जेवायला मिळणार आहे, धीर धर की."

"मावशी, कुसुमताई गेली."

तिचा हात परातीत होता तसा राहिला.

"कधी?"

"सोमवारी. तिकडच्या पहाटे पाच दहाला. आपले सकाळचे दहा चाळीस."

"सोमवारी दहा चाळीसला मी वाल सोलत होते," ती म्हणाली. "तुला कधी कळलं?"

"काल. सकाळी पावणेनऊला."

"मग काल का नाही आलास?"

बापू दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याचं नाव घेतलं नाही. "चुकलो, मावशी," मी म्हणालो.

तिने परात बाजूला सरकवली आणि सुनेला हाक मारली. "ह्या तू कर आता. मी शिवत नाही." मग हात धुऊन, पुसून पुन्हा येऊन बसली. "अग्नी कोणी दिला? जावईबापूंनी?"

"अजून दिलेला नाही. तिकडे चार-पाच दिवस थांबावं लागतं, पाळी लागते. शुक्रवारी दुपारी दोनला आहे. आपले साडेसात."

"म्हणजे अजून आहे ती."

"इस्पितळात ठेवलं आहे."

मावशीने मला जवळ बसायला सांगितलं. भाऊजींच्या दोन्ही तारा मागून घेतल्या. तिला इंग्रजी येत नाही, तरी त्या हातात धरून पाहिल्या आणि परत दिल्या.

बापू म्हणाला, "आई, शुक्रवारचं..."

"शुक्रवारचं काय? लग्न सकाळी आहे. मुहूर्त अकरा बावीसचा. साडेसात संध्याकाळी. मी काय पोर आहे, दोन गोष्टी एका दिवसात न जमायला?" मग ती म्हणाली, "अप्पांची बातमी मला सहाव्या दिवशी कळली. ताईची, म्हणजे तुझ्या आईची, दुसऱ्या दिवशी. माझ्या स्वतःच्या आईची बाराव्या. दर वेळी सगळं आटपलेलं असायचं. ही पहिली."

शुक्रवारी अकरा वाजून बावीस मिनिटांनी लग्न लागलं. मावशी मांडवाच्या कडेला खुर्चीवर होती. पंगती साडेतीनपर्यंत चालल्या. पाचच्या सुमारास मुलगी सासरी गेली. सात वाजून पंचवीस मिनिटांनी मावशीने मला वेळ विचारली आणि साडेसातला ती डोक्यावरून पाणी घ्यायला न्हाणीघरात गेली. बाहेर आली तेव्हा तिने दुसरं लुगडं नेसलं होतं. बापूने तिच्यासाठी पाट मांडला.

शनिवारी सकाळी भाऊजींची तिसरी तार आली. विधी दोन वाजता, ठरल्या वेळी झाला.